तीन महिन्यांची सून

सांगू नये, पण तुम्ही एवढा आग्रह करताय म्हणून सांगतो. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण ज्याच्या मूर्खपणाची रीतसर चौकशी होऊन, अहवाल लिहून, त्यावर सरकारी शिक्का बसला, असा माणूस आमच्या कोल्हारात तरी माझ्याशिवाय दुसरा नाही. आणि आधीच बजावून ठेवतो, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. माझा संसार पणाला लागला होता!

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी नुकताच पोलंडहून परत आलो होतो. तिकडं बिटापासून साखर करतात. ते तंत्र शिकायला शिष्यवृत्तीवर दोन वर्षं गेलो होतो. तंत्र शिकलो आणि जाता जाता लग्नही करून बसलो. तिथल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत इरेना काम करायची. मी बाटल्या फोडायचो, ती काचा गोळा करायची. असं करता करता जमलं. एका कचेरीत दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या, झालं लग्न. ना वाजंत्री, ना अक्षता.

मग वडील गेल्याची तार आली. घरी आई एकटी, पाच-सहा एकर ऊस, आणि शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे इकडच्या कारखान्यातली नोकरी. मला यावंच लागलं. इरेनाला लगेच निघता येईना. तिचीही आई एकटी, त्यात पायानं अधू. निरोप देताना ती स्टेशनावर मला म्हणाली, "मी आधी तीन महिने येईन. बघेन. तुझं गाव, तुझी माणसं, आणि तुझ्या घरातला तू. मग ठरवू."

घरातला तू! हे शब्द मला घरी पोचेपर्यंत टोचत होते. आता तुम्हीच सांगा, मी काय घरात वेगळा आणि बाहेर वेगळा असतो? नका सांगू. उत्तर पुढं येणारच आहे.

तीन महिन्यांसाठी यायचं म्हणजे पर्यटकाचा व्हिसा. तिनं तिकडं आपल्या वकिलातीत अर्ज करायचा. मी इकडून हमीपत्र द्यायचं की सदर बाई फिरायला येत आहेत, त्यांचा सगळा भार मी उचलीन, आणि मुदत संपताच त्या परत जातील. मग हा माणूस खरं बोलतोय का, याची पोलिसांनी गावात येऊन चौकशी करायची. सगळं जुळलं तर व्हिसा.

हमीपत्र टाइप करून घ्यायला मी नगरला गेलो. कोर्टाबाहेर झाडाखाली एक टायपिस्ट बसायचे. वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बाईंच्या येण्याचं कारण?"

"पर्यटन."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"नवरा."

त्यांचे हात मशीनवरच थांबले. "बायको नवऱ्याकडं पर्यटनाला?"

"हो."

"बरं. काय काय बघणार आहेत?"

"लिहा. भंडारदरा, अजिंठा, वेरूळ, आमच्या गावचं भगवतीचं देऊळ..."

"आणि नवरा? तो कितव्या नंबराला टाकू?"

मनाला फार लागलं. येताना एसटीत खिडकीशी बसून तो कागद मी दहादा वाचला. स्वतःची लग्नाची बायको आपल्या घरी पाहुणी म्हणून येणार, आणि त्यावर आपण सही करून आलोय! माणसाला लाज कशाची वाटावी आणि कशाची नाही, हे त्या वयात कळत नाही हो.

कोल्हारच्या स्टँडवर उतरलो तर समोरच्या हॉटेलात आमचे तात्या बसलेले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सोबत गावातले पाच-सहा जण.

"काय दत्तू, झालं का काम? सूनबाई येनार का?"

"येणार तात्या."

"किती दिसासाठी?"

इतका साधा प्रश्न. तीन महिने, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या सहा जणांचे डोळे माझ्याकडं लागलेले. मी छाती पुढं काढून म्हणालो, "किती दिवसांसाठी म्हणजे? सून काय दिवस मोजून येते का? आली की कायमची!"

"शाब्बास रं पठ्ठ्या!" तात्यांनी पाठीवर थाप मारली आणि अख्ख्या हॉटेलाला चहा सांगितला. तो चहा मी प्यालो. तिथंच सगळं बिघडलं.

कारण आमच्या गावाचा एक स्वभाव आहे. एखादी गोष्ट मनावर घेतली की मग ते गाव थांबत नाही. तात्यांनी आठवड्यात गवंडी बोलावला. "गोऱ्या सुनंला काय तांब्या घिऊन वढ्याला पाठवनार का?" असं म्हणून आमच्या परसात संडास बांधायला घेतला. आमच्या आळीतला पहिला संडास तो! लोक लांबून लांबून बघायला यायचे, आत डोकावायचे, भिंतीवर थाप मारून बघायचे आणि मान डोलवायचे. मी ओशाळा होऊन बाजूला उभा.

मग मी कधीतरी बोलून गेलो की तिकडची माणसं दूध भरपूर पितात. झालं! चौथ्या दिवशी तात्यांनी लोणी गावच्या बाजारातून म्हैस आणून दावणीला बांधली.

"तात्या, एवढी घाई कशाला?"

"आरं, आत्ताच व्यालीया. ती येईस्तवर सवय हुईल सगळ्यास्नी."

बरं, मी तरी गप्प बसावं की नाही? तात्यांनी विचारलं, "रेशनकार्डावर नाव लावलं का तिचं?" मी फुशारकीनं म्हणालो, "केव्हाच!" आणि मग खोटं पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी धावत जाऊन खरंच अर्ज दिला. कुटुंबात वाढ, एक इसम. नाव लागलंसुद्धा! जी बाई अजून विमानात बसायची होती, तिच्या वाटची साखर आमच्या घरी यायला लागली. तीही साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या माणसाच्या घरी.

या सगळ्यात आई मात्र एक अक्षर बोलत नव्हती. इरेनाची पत्रं यायची, ती मी आईला मराठी करून वाचून दाखवायचो. पत्रात तीन महिने हे शब्द आले की मी खाकरून घसा साफ करायचो आणि पुढच्या ओळीवर जायचो. आई माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मला वाटायचं, सुनेचं कौतुक ऐकतेय.

चौकशीसाठी मला नगरला बोलावतील अशी माझी समजूत होती. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. पण एके दिवशी दुपारी मी कारखान्यात रसाचे नमुने तपासत होतो, तर गावातला एक जण सायकल हाणत आला.

"दत्तू, गावात जमादार आल्यात. तुज्या बायकूची चवकशी करत्यात. पन तू काई काळजी करू नगंस, तात्या हायेत त्यांच्यासंगं!"

तात्या आहेत! साहेबाला न विचारताच मी सायकल काढली.

घरी पोचतो तो काय! परसात पन्नास-साठ माणसं. मध्ये जमादार, हातात वही. समोर संडास.

"शिमिट वापरलंय सायेब, निस्ती माती न्हाई," तात्या भिंतीवर हात मारून सांगत होते. "पन्नास वर्सं हालायचं न्हाई."

जमादारांनी शांतपणे लिहून घेतलं. मला पुढं वाचायला मिळालं तेव्हा तिथं 'शौचकूप पक्क्या बांधकामाचे' असे शब्द होते.

"आणि बाई किती दिवस राहणार?" त्यांनी विचारलं.

"ह्या भितीपरीस जास्तच!"

"पण कागदावर तर तीन महिने लिहिलंय."

"कागुद चुकला आसंल. ही म्हस बगा. तिच्यासाठी घेतलीया. तीन म्हयन्यासाठी कोन म्हस घेतं का? तुमीच सांगा!"

जमादार शेतकऱ्याच्याच घरातले असावेत. हा मुद्दा त्यांना फार पटला. त्यांनी तोही लिहिला. तेवढ्यात कुणीतरी रेशनकार्ड आणून दाखवलं. त्यात माझ्या नावाखाली इरेनाचं नाव, स्वच्छ अक्षरात. जमादारांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

माझा धीर सुटला. मी सगळ्यांच्या देखत ओरडलो, "जमादारसाहेब, ती तीन महिन्यांनी परत जाणार आहे हो!"



"कुटं जानार?" तात्या म्हणाले.

"पोलंडला."

"का म्हनून?"

"तिची आई आहे तिकडं. नोकरी आहे."

"आन मंग हितं कोन हाय? आमी कोनीच न्हाई?" तात्यांचा आवाज चिरकला. इतका वेळ भिंतीवर ठेवलेला हात त्यांनी खाली घेतला. मला त्यांच्याकडं बघवेना.

जमादारांनी खुणेसाठी बोट घालून वही मिटली. "दत्तात्रय, मला एकच सांगा. तुम्ही खोटं कुणाला सांगितलंत? गावाला, का सरकारला?"

आली का पंचाईत! सरकारला म्हणावं तर हमीपत्र खोटं ठरणार. गावाला म्हणावं तर पन्नास माणसं समोर उभी. आणि अशा वेळी, मंडळी, दोन बुकं जास्त शिकलेल्या माणसानं काय उत्तर द्यावं?

मी म्हणालो, "दोघांनाही थोडं थोडं."

तेही त्यांनी लिहून घेतलं.

मग म्हणाले, "तुमचं वाईट करावं अशी माझी इच्छा नाही. पण हे सगळं बघून मला लिहावं लागेल की बाई एकदा आल्या की परत जायच्या नाहीत. पर्यटकाचा व्हिसा काही मिळायचा नाही."

मी म्हशीच्या गव्हाणीवर टेकलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला व्हिसाचं काही वाटलं नाही. मला दिसली ती इरेना. मी पाठवलेल्या यादीतून ती मराठी शब्द पाठ करत होती. पाणी, मीठ, आई, बस. तिनं रजा मागून ठेवली होती. तिला व्हिसा नाकारल्याचं कळणार, मग कारण कळणार. तिनं स्पष्ट सांगितलेली गोष्ट मला चार माणसांत सांगायची लाज वाटली, हे तिला कळणार. जे बघायला ती येणार होती, ते तिला न येताच दिसणार होतं. मला रडू आवरेना.

"जमादार," मागच्या दारातून आवाज आला. "च्या घ्या. आन माजं बी लिवून घ्या."

आई होती. डोक्यावरचा पदर नीट करून उंबऱ्यात उभी राहिली. मोठ्या दिरासमोर आई कधी दारात उभीसुद्धा राहत नसे. तात्या गोंधळून बाजूला सरकले.

"बोला मावशी," जमादार म्हणाले.

"ती ऱ्हायची न्हाई. तीन म्हयनं म्हंजी लई झालं."

"कशावरून म्हणता?"

"ह्याच्यावरनं," असं म्हणून आईनं माझ्याकडं बोट केलं.

साठ माणसांनी माना वळवल्या.

"ह्याच्या पोटात येक, व्हटात येक. बोलाया लागला की कुनाचं आयकत न्हाई, आन रुसला की चार-चार दिस तोंड उगडत न्हाई. जेवताना म्होरं पेपर. काय खातोय त्ये बगत बी न्हाई. आंगातला सदरा जितं काडला तितं पडला. आजवर खाल्लेलं ताट कदी उचाललं न्हाई. गावात मोटेपना करायचा आन घरी यून माज्यावर चिडायचं. ह्याचा बाप बी आसाच हुता."

"पण तुम्ही राहिलात की मावशी," जमादार म्हणाले.

"मी ऱ्हायले," आई म्हणाली. "मला माघारी जायाला जागा नव्हती. तिला हाय. तिची आई हाय, सवताची नोकरी हाय. ती कशापायी ऱ्हाईल?"

कुणी हसलं नाही. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी नाक ओढलं, एवढंच. जमादारांची पेन्सिल मध्येच थांबली होती. मग त्यांनी पान उलटलं आणि पहिल्यापासून सगळं सावकाश लिहून काढलं.

"मावशी, शपथेवर सांगता?"

"भगवतीच्या देवळात चला. तितं हुबी ऱ्हाऊन सांगते."

तात्या पुटपुटले, "आगं पन घराची अब्रू..."

"संडास बांदून अब्रू ऱ्हात आसती, तर मंग काय पायजे हुतं," आई म्हणाली आणि आत गेली.

जमादार गेले. लोकही पांगले. मी चुलीपुढं जाऊन बसलो.

"आई, मी काहीतरी लपवतोय, हे तुला आधीच कळलं होतं का?"

"चिट्टी वाचताना तू घसा साप करतूस. दर चिट्टीत. पयल्यांदा मला वाटलं, पडसं झालंय."

मग मी धीर करून विचारलं, "व्हिसा मिळावा म्हणून बोललीस ना ते? मी काही खरंच तसा नाहीये."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी शपतंवर सांगितलंय."

त्यानंतर महिनाभर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. हॉटेलात मी शिरलो की पाच-सहा जण चहा अर्धा टाकून उठायचे. मीही सुधारायचं मनावर घेतलं होतं. तीन दिवस स्वतःचं ताट स्वतः उचललं. चौथ्या दिवशी विसरलो. आईनं माझ्याकडं बघितलं.

मग नगरच्या कचेरीतून बोलावणं आलं. मी जीव मुठीत धरून गेलो. तिथल्या कारकुनानं फाइल उघडली.

"तुमच्याविरुद्ध सात जबाब आहेत. शिवाय रेशनकार्ड, म्हैस आणि पक्कं बांधकाम. तुमच्या बाजूनं एकच जबाब."

"मग नामंजूर?"

"मंजूर! तो एक जबाबच जमादारांना पटला. ऐका." आणि त्यांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक काम थांबवून ऐकू लागले.

"अर्जदाराच्या मातोश्रींचा जबाब विश्वसनीय आहे. खुद्द अर्जदारास समक्ष पाहिले व त्याचे बोलणे ऐकले. त्याचा स्वभाव पाहता सदर विदेशी महिला त्याच्यासोबत तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहील, असा संभव दिसत नाही. सबब पर्यटक व्हिसा देण्यास हरकत नाही."

समक्ष पाहिले! बघितलंत? आईच्या शब्दावर सोडलं नाही, स्वतः खात्री करून घेतली.

कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कागद पुढं सरकवला. "इथं सही करा. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे."

मी सही केली. इतक्या घाईनं मी लग्नाच्या कागदावरही केली नव्हती.

इरेना आली. तीन महिने राहिली. तिनं उसाचं गुऱ्हाळ बघितलं, भंडारदरा बघितला, भगवतीचं देऊळ बघितलं. संडास आणि म्हैस तर तात्यांनी पहिल्याच दिवशी दाखवली. त्यांचा राग तिला बघताच पळाला. आई आणि ती ओसरीवर ज्वारी निवडत तासन्‌तास बसायच्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी मध्येच माझ्याकडं बघून हसायच्या. माझा सदरा कुठं पडतो, हे तिनं बघितलं. मी चार दिवस रुसतो, हेही बघितलं. त्यातले दोन दिवस तर माझं मलाच आठवेना की कशावरून रुसलोय.

आणि ठरल्या तारखेला ती परत गेली. अहवाल खरा ठरला. मुंबईला विमानतळावर मी तिला काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. परतीच्या एसटीत शेजारच्या प्रवाशानं विचारलं, कुणाला सोडून आलात? घरी आल्यावर आई आणि मी, दोघंही न जेवता झोपलो.

पाच महिने गेले. मग तिचं जाड पाकीट आलं. तिची आई आता मावशीकडं राहायला गेली होती, आणि इरेनानं भारतात कायम राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. मला न विचारता! पण वकिलातीत जुनी फाइल निघाली. फाइलमध्ये आमच्या जमादारांचा अहवाल. तिथल्या साहेबानं तिच्याकडून लेखी खुलासा मागवला होता: मागील चौकशीत नमूद केलेल्या, पतीच्या स्वभावाबाबतच्या कारणात काही बदल झाला आहे काय?

तिनं दिलेल्या उत्तराची नक्कल पाकिटात होती. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. तीनच वाक्यं होती.

"बदल नाही. मी स्वतः पाहिले आहे. तरी जायचे आहे."